तीन वर्षांपूर्वीचा स्कॅन

आधीच सांगून टाकते. या सदरातले अनुभव मी हसायला वाचते. पिंपळावरची बाई, हायवेवर लिफ्ट मागणारी बाई, विहिरीतली बाई... सगळ्या बायाच कशा असतात हो भुतं? पुरुषांना मेल्यावरही सवड मिळत नाही वाटते. आमचं घर बौद्ध. बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे. घरी कधी कुणाची दृष्ट काढली नाही, कुणाच्या दंडाला ताईत बांधला नाही. लिंबू आमच्याकडे फक्त वरणात पिळतात. त्यामुळे हे लिहिताना माझीच मला लाज वाटते आहे. पण सहा महिने झाले, डोक्यातून जात नाही. ज्यांना सांगितलं त्यांनी एकतर "चहा घे" म्हटलं, नाहीतर हात जोडले. मला दोन्ही नको आहे. कुणाकडे उत्तर असेल तर द्या, बस्स.

माझं गाव सानगडी, नोकरी भंडाऱ्याला. एका खाजगी हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीत, टेक्निशियन आहे. नाव सांगणार नाही, आणि माणसांची नावंही बदलली आहेत.

काम काय ते थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं समजणार नाही. मेंदूच्या ऑपरेशनला आमच्याकडे नेव्हिगेशनचं मशीन आहे. गाडीत आपण मोबाइलवर नकाशा लावतो आणि आपला ठिपका रस्त्यावर सरकतो ना, तसंच. इथे नकाशा म्हणजे पेशंटचा एमआरआय. पण मशीनला आधी पटवावं लागतं, की टेबलावरचं हे डोकं आणि स्क्रीनवरचं ते डोकं एकच आहे. हे पटवण्याचं काम माझं. पेशंटला भूल दिली, डोकं क्लॅम्पमध्ये घट्ट धरलं, की मी बोथट टोकाचा एक पॉइंटर घेते आणि कपाळ, भुवया, नाकाचा दांडा, कानशिलं असा सगळीकडून हळूहळू कातडीवर फिरवते. वरचा कॅमेरा त्याचं टोक टिपत जातो. स्क्रीनवर ठिपके जमतात. मशीन ते ठिपके स्कॅनमधल्या चेहऱ्यावर बसवून बघतं आणि चूक किती मिलिमीटरची ते सांगतं. दोनच्या आत असली की हिरवं, नाहीतर लाल. लाल असताना पुढे गेलं, तर गाठ स्क्रीनवर दिसते एका जागी आणि डोक्यात असते दुसऱ्याच जागी.

शालू दिघोरीची. वय एकोणतीस, शिवणकाम करायची. दोन महिन्यांपासून हातातून कात्री गळून पडायला लागली, मग सुई, मग एक दिवस भाताचा घास. मेंदूत डाव्या बाजूला गाठ निघाली, आणि निघाली ती नेमकी उजवा हात हलवणाऱ्या भागाला चिकटून. गाठ साधी होती, जिवाला धोका कमी. प्रश्न होता हाताचा. दोन मिलिमीटर इकडचं तिकडे झालं असतं तर हात कायमचा लुळा.

बुधवारी सकाळी तिला ओटीत घेतलं. आमचे सर्जन आठवड्यातून दोनदा नागपूरहून येतात, त्यातला एक बुधवार. टेबलावर चढायच्या आधी तिनं माझा गाऊन धरला. डाव्या हातानं.

"ताई, केस गेले तं गेले. पन हात राहिला पाह्यजे हो."

"राहील ना वं. कायले भेतेस?"

"मले भेव वाटून राहिलं."

"सगळ्यांनाच वाटते. मलेही वाटते, पण मले पगार आहे त्याचा," मी म्हटलं. ती जराशी हसली. मग भूल देणाऱ्या मॅडमनी मास्क लावला आणि ती झोपली.

पहिल्यांदा पॉइंटर फिरवला. चूक सात पॉइंट दोन. लाल.

हे होतं. कधी कॅमेऱ्याचा कोन बिघडतो, कधी क्लॅम्पवर कॅमेऱ्याला दिसाव्या म्हणून लावलेल्या चमकत्या गोळ्यांवर थेंब उडालेला असतो, कधी आपणच घाईत कातडी ओढतो. गोळ्या पुसल्या, कॅमेरा सरळ केला, दुसऱ्यांदा फिरवला. सात पॉइंट चार. सर हात धुऊन आले होते, त्यांनी घड्याळाकडे बघितलं. तिसऱ्या वेळी मी अगदी मुंगीच्या चालीनं गेले. कपाळ झालं, भुवई झाली. नाकाच्या दांड्यावरून उतरताना पॉइंटरला काहीतरी लागलं. उंचवटा. मोडलेलं हाड वेडंवाकडं जुळलं की लागतो तसा. मी हात थांबवून पाहिलं. शालूचं नाक सरळ, गुळगुळीत. पुन्हा त्याच जागी टोक नेलं, पुन्हा लागलं. बोटाला जाणवते आणि डोळ्याला दिसत नाही... मी स्वतःलाच म्हटलं, करुणा, सकाळी नाश्ता करून येत जा.

सात पॉइंट तीन.

"करुणा, काय चाललंय?" सर.

"स्कॅनच दुसऱ्या कुणाचा असेल सर. एमआरआयवाल्यांनी सीडी बदलली असेल."

"मग बघ ना!"

मी मशीनमधली यादी उघडली. आमच्याकडे एका आडनावाची दहा माणसं येतात, म्हणून नावापुढे गाव टाकायची पद्धत आहे. यादीत शालूच्या थोडं वर आणखी एक नाव दिसलं. प्रमिला. आडनाव तेच, नवऱ्याचं नाव तेच, गाव दिघोरी. मला लगेच उलगडा झाला, म्हणजे झाला असं वाटलं. आमच्याकडे बायकांची दोन-दोन नावं असतात. माहेरचं एक, लग्नात ठेवलेलं एक, आणि आधार कार्डावर त्यातलं कोणतं निघेल ते देवाला, म्हणजे कुणालाच, ठाऊक नाही. शालू हीच प्रमिला. खरा स्कॅन त्या नावावर चढला आणि शालूच्या नावावर भलत्याच कुणाचा तरी. मी तो स्कॅन उघडला आणि आत्ताच घेतलेले ठिपके त्यावर बसवले.

शून्य पॉइंट नऊ. हिरवं.

सगळ्यांनी श्वास सोडला. शून्य पॉइंट नऊ आम्हाला महिन्यातून एकदा मिळालं तरी नशीब. पडताळणीसाठी नाकाच्या शेंड्यावर टोक टेकवलं, स्क्रीनवरही शेंड्यावरच. डोळ्याची कड, कानाच्या पुढचा कोंब, सगळं जिथल्या तिथे.

सर स्क्रीनसमोर आले. "गाठ मागे दिसते आहे. फिल्ममध्ये पुढे होती ना?" मग स्वतःच म्हणाले, "पण पेशंट जुळतोय तर हाच तिचा स्कॅन." त्यांनी मार्कर पेन घेतलं आणि शालूच्या डोक्यावर, कापायचं तिथे, रेघ ओढायला सुरुवात केली.

मी सहज स्क्रीनवरचा चेहरा फिरवून बघत होते. स्कॅनमधून मशीन चेहरा बनवतं. राखाडी, बिनकेसांचा, डोळे मिटलेला. मी तो बाजूनं वळवला, आणि नाकाच्या दांड्यावर उंचवटा होता. माझे ठिपके त्या उंचवट्यावरून चढून उतरले होते, एकही सुटला नव्हता.

मी टेबलाकडे पाहिलं. शालूचं नाक सरळ.

पंधरा वर्षांची नोकरी आहे, रक्त बघून कधी चक्कर आली नाही, पण त्या वेळी मला ट्रॉलीची कड धरावी लागली. कोपऱ्यात स्कॅनची तारीख होती. यादी नावानुसार लावलेली, म्हणून मी ती पाहिलीच नव्हती. स्कॅन तीन वर्षांपूर्वीचा.

"सर, थांबा."

"आता काय?"

"ही बाई ती नाही."

सर माझ्यावर कधी ओरडत नाहीत. त्या दिवशी ओरडले. "शून्य पॉइंट नऊ तू दाखवलंस ना मला? मशीनला काय स्वप्न पडलं?" मी म्हटलं, पाच मिनिटं द्या, नातेवाइकांना विचारून येते. मॅडम म्हणाल्या, भूल व्यवस्थित आहे, जाऊ द्या तिला. सरांनी पेन खाली ठेवलं.

बाहेर बाकावर शालूचा नवरा दिवाकर बसला होता, आणि शेजारी जमिनीवर शालूची आई. मी एका दमात विचारलं, "शालूचं दुसरं नाव प्रमिला आहे का?"

दिवाकरनं मान खाली घातली. म्हातारी उठून उभी राहिली.

"प्रमिला मायी मोठी पोरगी," ती म्हणाली. "याची पहिली बायको. तिच्याबी डोक्यात गाठ होती, इथंच आनली होती. आपरेशनच्या आदल्या दिवशी गेली. तिची लेकरं उघड्यावर पडली, म्हनून मंग शालूले याच्या घरी देल्ली. तुमी तिचं नाव काहून घेऊन राहिल्या?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "तिच्या नाकावर काही होतं?"

"लहानपनी बैलानं शिंग मारलं होतं. नाक मोडलं होतं." म्हातारीनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिचा आवाजच बदलला. "नर्सबाई... पमी आली का आत?"

म्हातारी जावयाकडे वळली. "पुतळी कुठं हाय?"

ही पुतळी म्हणजे काय ते मला तिथेच समजलं. पहिली बायको मेली आणि नवऱ्यानं दुसरी केली, तर दुसरी बायको पहिलीच्या नावाची चांदीची लहानशी पुतळी गळ्यात घालते. सवतीचा मान म्हणून. शालूची तर सवत म्हणजे सख्खी बहीणच. ऑपरेशनआधी अंगावरचं सगळं काढतात, तशी ती पुतळीही सकाळी काढून सिस्टरनं दिवाकरच्या हाती दिली होती.

दिवाकर उठला. पँटच्या मागच्या खिशात हात घातला आणि काळ्या दोऱ्यातली पुतळी बाहेर काढली.

"बुडाखाली घेऊन बसला?" म्हातारी किंचाळलीच. "अरे, तिले खाली ठेवत नाही, भुईले लागू देत नाही, आन तू सकायपासून तिच्यावर बसून हायेस? एमआरआयच्या टायमाले मी मुठीत धरून उभी होती, बसलीबी नाही!"

"मले कोनं सांगतलं होतं?" दिवाकर रडकुंडीला आला. "शरम वाटत होती मले हातात घेऊन बसाले. लोकं पाहून राहिले होते."

एरवी मी अशा ठिकाणी भाषण दिलं असतं. बाबांची शिकवण, विज्ञान, सगळं. ओठांवर शब्द आलेही होते. पण म्हातारीनं माझे दोन्ही हात धरले. तिची एक मुलगी याच दाराशी येऊन गेली होती आणि दुसरी आत झोपलेली होती. "तुमी घेऊन जा हिले आत. गळ्यात नोका घालू. निस्ती उंचावर ठेवा, शालूच्या डोक्याशेजारी. एवढं करा मायबाई."

मी सगळ्यांना सांगते की म्हातारीच्या समाधानासाठी मी पुतळी घेतली. खोटं आहे ते. मी माझ्या भीतीपोटी घेतली. बोटाला लागलेला तो उंचवटा अजून बोटावरून गेला नव्हता.

आत येऊन पुतळी स्पिरिटनं पुसली, नव्या ग्लोव्हजमध्ये गुंडाळली आणि सलाइनच्या स्टँडला शालूच्या डोक्याच्या बाजूला, उंच, बांधली. सर बघत होते.

"हे काय आहे?"

"सर, काही विचारू नका. विचारलं तर मला सांगावं लागेल, आणि सांगितलं तर तुम्ही मला घरी पाठवाल."

मॅडम म्हणाल्या, "पेशंटच्या अंगाला लागत नाही ना? मग मला दिसलं नाही."

शालूचा स्वतःचा स्कॅन परत उघडला. जुने ठिपके नव्या नोंदीत धरले नाहीत, चौथ्यांदा पहिल्यापासून सुरुवात केली. तेच डोकं, तोच क्लॅम्प, तोच कॅमेरा, तोच माझा हात, आणि तो आता थरथरत होता. म्हणजे चूक वाढायला हवी होती. कपाळ. भुवई. नाकाच्या दांड्यावर आले तेव्हा मी श्वास धरला. टोक सरळ उतरलं. काही लागलं नाही.

एक पॉइंट तीन. हिरवं. गाठ पुढे, फिल्ममध्ये होती तिथेच.

सरांनी ओढलेली अर्धी रेघ पुसली आणि नवी ओढली. जुनी रेघ चार बोटं मागे होती. चार बोटं! ऑपरेशन साडेचार तास चाललं. त्या साडेचार तासांत मी किती वेळा स्टँडकडे पाहिलं ते विचारू नका. संध्याकाळी शालू शुद्धीवर आली तेव्हा सर म्हणाले, उजवा हात वर कर. तिनं केला. मग दोन बोटं उघडून मिटून दाखवली, कापड कापल्यासारखी. म्हातारी दारातच खाली बसली आणि हमसून रडली. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

आता विज्ञान. सगळे म्हणतील, सख्ख्या बहिणी, चेहरे सारखे असणारच. मान्य. पण सारखे म्हणजे मिलिमीटरच्या आत सारखे? आणि तसं असेल तर शालूचं स्वतःचं डोकं तिच्याच स्कॅनला सात मिलिमीटरनं का चुकलं? कंपनीचा इंजिनिअर आला होता. दोन तास बसला. कॅमेरा ठीक, सॉफ्टवेअर ठीक. आधीच्या नोंदींचे ठिपके मशीनमध्ये सेव्ह आहेत. ते आजही शालूच्या स्कॅनवर बसत नाहीत, प्रमिलाच्या स्कॅनवर बसतात, नाकाच्या उंचवट्यासकट. आणि चौथ्या वेळचे ठिपके प्रमिलाच्या स्कॅनवर टाकले तर चूक आठच्या घरात. इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, पहिले तीन वेळा टेबलवर दुसरा पेशंट असेल." मी म्हटलं, हो, आणि मधल्या पाच मिनिटांत आम्ही बदलला. तो हसला नाही. चहा न घेताच गेला.

दिवाकरनं पुतळीवर बसायला नको होतं, असं म्हातारी अजून म्हणते. पमी रागावली म्हणून आडवी आली, म्हणते. मीही काही दिवस हेच धरून बसले होते. विश्वास नव्हता, पण निदान एक कारण तरी होतं.

मग टाके काढायला शालू आली. डोक्याला रुमाल, हातात मला द्यायला स्वतः शिवलेली कापडी पिशवी. शिवण थोडी वाकडी होती, पण होती. आम्ही दोघीच होतो. तिला आईनं सगळं सांगितलं होतं. ती खुर्चीवर बसली आणि हळूच म्हणाली, "ताई, बाई रागावली नव्हती." मोठ्या बहिणीला ती बाईच म्हणायची.

"तुले काय माहीत?"

"मीच बोलावली होती तिले. लहानपनी मले सुईचं लय भेव. शाळेत टोचाले आले का बाई माया जागी रांगेत उभी राहे, मायं नाव सांगून. दोनदा टोचून घे बिचारी. आपरेशनच्या आदल्या राती झोप नाही आली, तं मी पुतळी हातात धरली आन म्हटलं, बाई, उद्या माया जागी तू जाय." तिनं डोळे पुसले. उजव्या हातानं. "आली होती ना ती?"

मी त्या पुसलेल्या रेघेचा विचार करत होते. चार बोटं मागे. प्रमिला शालूच्या जागी येऊन निजली असती आणि आम्ही तिला तसंच राहू दिलं असतं, तर सरांनी प्रमिलाच्या गाठीच्या जागी शालूचं डोकं उघडलं असतं. शालूचा हात गेला असता, आणि तो तिच्यावर जीव टाकणाऱ्या बहिणीमुळे गेला असता. हे मी तिला कोणत्या तोंडानं सांगू? आणि मी तर पुतळी उंच बांधून प्रमिलाला परत पाठवून आले होते.

मी फटकळ आहे, सगळ्यांना तोंडावर बोलते. शालूला मी फक्त "हो" म्हटलं. ते खरं बोलले की खोटं, हे मला आजही सांगता येत नाही.